डावखुऱ्या मुलीसाठी परवडणारी एअर रायफल : दस्त्याच्या कामाच्या नोंदी

१० मार्च २०२४, उद्यमबाग, बेळगाव

थोरल्या भावाची मुलगी दिवाळीपासून दहा मीटर एअर रायफलच्या सरावाला जाते. ती डावखुरी आहे आणि तिचा डावा डोळाही प्रबळ आहे. हात लांब करून दोन्ही तळव्यांची त्रिकोणी खिडकी केली आणि तिच्यातून दूरचा विजेचा खांब पाहिला, तर डावा डोळा मिटताच खांब खिडकीबाहेर जातो आणि उजवा मिटला तर जागेवर राहतो. हात आणि डोळा एकाच बाजूचे असल्यामुळे तिला उजव्या खांद्यावर वळवू नये, असे तिच्या सरांचे स्पष्ट मत आहे आणि मलाही ते पटते. अडचण एवढीच की सरावाच्या ठिकाणची रायफल उजव्या हाताची आहे. तिचा भरण्याचा दांडा उजव्या बाजूला आणि दस्त्यावरचा चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा उंचवटा, डाव्या बाजूला. डाव्या खांद्यावर ती घेतली की दस्त्याच्या सपाट बाजूवर गाल घसरतो आणि नेम दिसावा म्हणून मान दस्त्यावर पाडावी लागते.

डाव्या हाताची परदेशी मॅच रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, तेव्हा तो विषय घरात निघालाच नाही. माझा धंदा पॅटर्न मेकिंगचा. फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने) आणि कोअर बॉक्स (ओतीव वस्तूच्या आतल्या पोकळीचा गाभा घडवायच्या पेट्या) करण्यात पंचवीसहून अधिक वर्षे गेली असून पंपाच्या बॉडीचे डावे आणि उजवे असे जोड आम्ही नेहमीच करतो. त्यामुळे भावाने विचारले तेव्हा मी प्रश्न असा मांडला की रायफलीचा डावेपणा नेमका कुठे असतो. तो लोखंडात असेल तर आपल्या आवाक्याबाहेरचे काम आहे, आणि लाकडात असेल तर आपल्याच बाकावरचे.

ज्या रायफलीत नळी मोडून स्प्रिंग ताणली जाते, तिच्या लोखंडाला बाजू जवळपास नसतेच. नळी मधोमध खाली मोडते, छर्रा उघड्या तोंडात कोणत्याही हाताने बसवता येतो आणि आम्ही निवडलेल्या देशी रायफलीत सेफ्टीची कळही स्प्रिंगच्या नळकांड्याच्या मागच्या टोकाला मध्यावर आहे. उरला तो दस्ता. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि ही रायफल त्या मर्यादेत आहे. कामाची एक अट पहिल्याच दिवशी ठरवून टाकली, ती म्हणजे स्प्रिंग, पिस्टन आणि ट्रिगरचा संच उघडायचा नाही. ताणलेली स्प्रिंग हा लाकूडकाम करणाऱ्याचा विषय नव्हे.

१७ मार्च

मापे घेतली. कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या आतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर ३१ सेंमी भरले. कारखान्याच्या दस्त्यात ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत ३६ सेंमी आहेत, म्हणजे तो उंचापुऱ्या माणसासाठी केलेला आहे. पाच सेंमीचा फरक चौदा वर्षांच्या मुलीला पाठीमागे झुकवतो, आणि तिच्या उभे राहण्यातला जो दोष सर सांगत होते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे असावे.

दस्त्याची डावी-उजवी बाजू चार ठिकाणी ठरते. डावखुऱ्याचा डावा गाल दस्त्याच्या उजव्या बाजूला टेकतो, म्हणून चीकपीस उजवीकडे हवा. तळहात मुठीच्या डाव्या बाजूला बसतो, म्हणून तळव्याचा फुगवटा डावीकडे हवा. अंगठा मुठीवरून उजवीकडे वळतो, त्याच्यासाठी तिथे खोलगट जागा हवी. चौथी गोष्ट डोळ्याला सहसा दिसत नाही. दस्त्याचे मागचे टोक नळीच्या मध्यरेषेपासून किंचित बाहेर, म्हणजे डावखुऱ्यासाठी डावीकडे, झुकलेले असावे लागते. ते पाच-सहा मिलिमीटर असले तरी डोळा आपोआप नेमाच्या रेषेत येतो आणि नसले तर मान ते काम करते.

३१ मार्च

खानापूरकडचे मामा आले होते. तेही डावखुरे आहेत. त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची .३१५ बोअरची रायफल आहे, जी सध्या निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे पोलीस ठाण्यात जमा आहे. बाकावरचे ट्रेसिंग पाहून ते म्हणाले, "पोरीबरोबर मला पण एक डावी कर की रे, चांगली मोठ्या बोअरची." मामांची चेष्टा होती, पण प्रश्न कामाला धरून आहे म्हणून इथे लिहून ठेवतो.

बोल्टच्या, म्हणजे हाताने दांडा मागे-पुढे करून काडतूस भरायच्या, रायफलीत डावेपणा लोखंडात असतो. मामांच्या .३१५चा बोल्ट उजवीकडे आहे, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर त्यांना ट्रिगरवरचा डावा हात काढून नळकांड्यावरून पलीकडे न्यावा लागतो. मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलींत हा प्रश्न अधिक महाग होतो. १९११ ची .४१६ रिग्बी किंवा १९१२ ची .३७५ हॉलंड अँड हॉलंड ही काडतुसे लांब आहेत, त्यांना लांब मॅग्नम अॅक्शन (काडतूस भरणारी यंत्रणा) लागते आणि तशी अॅक्शन डाव्या बोल्टची फार थोड्यांनी बनवली. जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथले कमी पैशातले डावखुरे लोक एक तर रुगर, सॅव्हेज अशा कारखान्यांची डाव्या बोल्टची रायफल शोधतात, किंवा बाजूच नसलेली यंत्रणा घेतात. दुनळी रायफलीत दस्त्याचा झुकाव सोडला तर डावे-उजवे फारसे नसते, आणि रुगर नंबर वनसारख्या एक-गोळी रायफलीत ठोकळा वर-खाली सरकतो व सेफ्टी मध्यावर असते. म्हणजे तोडगा आमच्यासारखाच आहे : बाजू नसलेले लोखंड घ्यायचे आणि डावेपणा लाकडात घालायचा.

आपल्याकडे मात्र तो रस्ता बंद आहे, आणि बंद आहे ते योग्यच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, मामांच्या शिवारापलीकडचे भीमगड २०११ पासून अभयारण्य, आणि शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक बनवणे, बदलणे वा दुरुस्त करणे हे परवान्याशिवाय करता येत नाही. मामांच्या रायफलीच्या दस्त्याला रंधा लावायचा असला तरी ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याचे काम आहे, आणि तसे मी त्यांना सांगितले.

१४ एप्रिल

लाकूड मिळाले. बंदुकीच्या दस्त्याला अक्रोड उत्तम खरा, पण इथे तो मिळवणे म्हणजे रायफलीपेक्षा दस्ता महाग करणे. शिसव सुंदर दिसते, पण जड असते आणि चौदा वर्षांच्या खांद्याला ते सोसणार नाही. शहापुरात एक जुना वाडा उतरवला जात होता, तिथली सागवानी तुळई जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे आली होती. जुन्या तुळईचा फायदा असा की लाकूड हलायचे तेवढे पूर्वीच हलून बसलेले असते. तोटा खिळ्यांचा. खिळ्याभोवती सागवान काळे पडते आणि आत तुटून राहिलेला खिळा रंध्याचे पाते एका फेरीत खातो. चुंबक फिरवून, काळे डाग खडूने आखून, त्यांच्यामधून तीन फळ्या काढल्या.

तीन थर चिकटवण्याचे कारण मुठीची मान हे आहे. तिथे दस्ता सगळ्यात बारीक असतो आणि तिरका वळतो, त्यामुळे एकसंध फळीत रेषा आडव्या पडून तो नेमका तिथे फुटतो. थरांच्या रेषा एकमेकींना किंचित छेदत ठेवल्या की फूट एका थरातून दुसऱ्यात शिरत नाही.

२८ एप्रिल

चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग अॅसिटोनने पुसले, कारण सागाचे स्वतःचे तेल वर येते आणि चिकटा धरू देत नाही. एकाच तुळईच्या छाटणीचे तुकडे दोन प्रकारे, एक पुसून व एक न पुसता, इपॉक्सीने जोडून ठेवले होते. हातोड्याने तोडल्यावर पुसलेल्या जोडात लाकूड फाटले आणि न पुसलेल्यात जोड स्वच्छ सुटला. ठोकळा ८० सेंमी लांब, १८ सेंमी रुंद आणि ५ सेंमी जाड झाला असून त्याचे वजन पाच किलोंच्या आसपास आहे. त्यातला बराचसा भाग भुसा होऊन जाणार.

कारखान्याच्या दस्त्याची आडवी छेद-मापे दर पाच सेंमीवर पत्र्याच्या साच्यात उतरवून घेतली होती. पॅटर्न शॉपमध्ये डाव्या जोडासाठी जे करतो तेच केले : मध्यरेषा पक्की धरली आणि साचे उलटे फिरवले. मात्र आंधळेपणाने उलटवून चालत नाही. लांबी, मुठीचा कोन आणि चीकपीसची उंची मुलीच्या मापाने नव्याने आखली आणि उलटवले ते फक्त जिथे लोखंड बसते त्या भागाचे साचे. थंड होताना बीड आकसते म्हणून ओतकामाच्या पॅटर्नला मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकुंचनाची सूट देतो, त्या वाढीव मापांची पट्टी या कामात कपाटात ठेवून साधी पट्टी वापरायची, हे शॉपमधल्या पोराला दोनदा सांगावे लागले.

७ मे

मतदानामुळे फौंड्री बंद होती आणि शॉपमध्ये शांतता होती, म्हणून नळकांड्याची खाच आजच घेतली. या दस्त्यातले सर्वात मोलाचे काम हेच आहे. स्प्रिंगच्या रायफलीला धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे जाते आणि पिस्टन पुढे आदळला की ती पुढे ओढली जाते, आणि हे सगळे छर्रा नळीत असतानाच घडते. नळकांडे खाचेत थोडे जरी डुलले तरी प्रत्येक छर्रा वेगळ्या वाटेने जातो.

खाच ३० मिमी व्यासाची अर्धगोल आहे. आधी गोल पटाशीने भरड काढली, मग कोअर बॉक्स तपासायची जुनी रीत वापरली. गुण्याच्या दोन्ही भुजा खाचेच्या दोन्ही काठांना टेकवून तो आत ठेवायचा. खाच खरी अर्धगोल असेल तर गुण्याचा कोपरा तळाला नेमका टेकतो आणि गुण्या डावीकडून उजवीकडे झुलवला तरी टेकलेलाच राहतो. कोपऱ्याला निळा रंग लावला की उंच जागा निळ्या दिसतात, तेवढ्याच खरवडायच्या. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे शाळेत शिकवतात, पण त्याचा उपयोग मला उस्तादांनी बाकावर दाखवला. मुलगी शेजारी बसून गुण्या झुलवत होती आणि भूमितीतले हे प्रमेय तिला आता विसरता येणार नाही असे वाटते.

पुढच्या भागात नळी मोडताना ताणदांडा खाली येतो, त्याला लांब फट लागते आणि त्या फटीमुळे दस्त्याच्या पुढच्या टोकाचे दोन पातळ काटे होतात. उभे राहून मारताना पुढचा हात (हिचा उजवा) कोपर कमरेच्या हाडावर टेकवून दस्त्याला खालून धरतो, आणि हात आखूड असला की खाली ठोकळा हवा असतो. तो ठोकळा फटीखाली देता येत नाही, नाहीतर दांडा अडतो. सुदैवाने दहा मीटरच्या पवित्र्यात पुढचा हात ट्रिगरगार्डच्या जवळच येतो, म्हणून फट संपते तिथून गार्डपर्यंत ६ सेंमी खोल भरीव ठोकळा ठेवला.

१९ मे

सुट्टीमुळे मुलगी रोज संध्याकाळी येते, त्यामुळे आकार तिच्या अंगावर काढता आला. पद्धत सोपी ठेवली होती. तिने डोळे मिटून दस्ता खांद्याला लावायचा, गाल सैल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) मागच्या साइटच्या खाचेच्या उजवीकडे दिसली तर चीकपीस डोळ्याला उजवीकडे ढकलतो आहे, म्हणजे तो अजून जाड आहे. तेवढ्या जागी कानस फिरवायची आणि पुन्हा पाहायचे. पहिल्यांदा ती म्हणाली, "काका, आता गाल लागतोय, पण दात दाबतायत." चीकपीसची वरची कड गालाच्या हाडाखाली न बसता जबड्यावर बसत होती. कड गोल करून चार मिलिमीटर पुढे उतरती केल्यावर तक्रार थांबली.

मुठीवर मात्र वेळ घालवावा तितका थोडा. तर्जनी ट्रिगरवर सरळ मागे यावी यासाठी मूठ उभी आणि ट्रिगरच्या जवळ लागते. कारखान्याच्या दस्त्याची तिरकी मूठ शिकारी बंदुकीची नक्कल आहे आणि ती टार्गेटसाठी निरुपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे. सागवानात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार रोज घालवली आणि रोज लावली.

९ जून

दस्त्याच्या मागे सरकणारी बटप्लेट (खांद्याला टेकणारी पाटी) हवी होती, कारण मुलगी वाढत्या वयाची आहे. बाजारात मिळतात त्या आयात केलेल्या आणि महाग. मग शेजारच्या फौंड्रीवाल्या मित्राला सांगून एलएम ६ अॅल्युमिनियममध्ये ओतून घेतली. हिच्या पॅटर्नसाठी मात्र आकुंचनाची पट्टी कपाटातून काढावी लागली, अॅल्युमिनियमसाठी मीटरमागे तेरा मिलिमीटरची. प्लेटीतल्या दोन उभ्या फटी कन्नड बोलणाऱ्या मिलिंगवाल्या मित्राने एका चहावर कापून दिल्या. एम ६चे दोन बोल्ट सैल केले की प्लेट वर-खाली सरकते आणि मधे सहा मिलिमीटरचे प्लायचे तुकडे घातले की दस्ता लांबतो. सध्या तुकडे नाहीत, ३१ सेंमी पुरेसे आहेत.

२१ जुलै

बेळगावचा पाऊस पॉलिशला विचारून पडत नाही. हवेत इतका दमटपणा असताना लाख पॉलिश पांढरट पडते, म्हणून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले आणि प्रत्येक हातानंतर चोळून कोरडे केले. एरवी दोन दिवसांत सुकणारा हात आठवडा घेतो आहे, पण घाई नाही. नळकांड्याची खाच, ताणदांड्याची फट आणि बटप्लेटखालची आडवी कापलेली बाजू यांनाही तितकेच हात दिले. दिसत नाहीत म्हणून या जागा सोडून देतात आणि मग ओल नेमकी तिथून शिरून काटे पसरतात. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटतात. आमच्याकडे ती पाण्याच्या बादलीत जातात आणि हा नियम पोरांसाठी भिंतीवर लिहिलेला आहे.

तयार दस्ता १.४ किलो भरला. सगळी रायफल ३.६ किलो झाली. आंतरराष्ट्रीय नियमात ५.५ किलोंपर्यंत मुभा आहे, तेव्हा पुढे ताकद वाढेल तसे वजन जोडायला भरपूर जागा आहे.

२ ऑगस्ट

शॉपमध्ये काल दुपारपासून एकच विषय आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून) प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवले. मोल्डिंगवाले कामगारही रायफल पाहायला येऊन गेले आणि ही रायफल तसल्याच प्रकारची का, असे विचारत होते. तसली नव्हे. ५० मीटरची रायफल .२२ काडतुसाची असते, तिला परवाना लागतो आणि तिचा बोल्ट हाताने चालवायचा असतो, म्हणजे तिथे डावेपणा पुन्हा लोखंडात जातो. मुलगी तिथवर पोचली तर लाकूड बदलून भागणार नाही, हे भावाला आत्ताच सांगून ठेवले.

आज शॉपच्या लांब बोळात दहा मीटर मोजून चाचणी घेतली. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, मागे पोलादी पत्र्याची पेटी आणि पुढे जुन्या कापडाचे थर, बोळाचे दार आतून बंद, सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मे. वाळूच्या पिशवीवर टेकवून जुन्या दस्त्यात पाच छर्रे साधारण १८ मिमीत पडत होते, नव्यात ते ११ मिमीत आले. टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे आणि नऊचे साडेपाच मिलिमीटरचे असते, हे लक्षात घेतले तर ही कामगिरी साधीच आहे, पण या किमतीच्या स्प्रिंग रायफलीकडून याहून जास्त मागू नये. पुढचा हात एक इंच सरकला की छर्रे वर-खाली होतात, म्हणून ठोकळ्याच्या बाजूला बोटांसाठी उथळ खूण कोरली. हात रोज तिथेच पडतो.

दुहेरी धक्क्याने पुढचे दोन स्क्रू सैल झाले. स्प्रिंग वॉशर घालून मध्यम ताकदीचे लॉकटाइट लावले.

१८ ऑगस्ट

मुलगी दोन आठवडे याच रायफलीवर सराव करते आहे. सरांनी उभे राहण्याचा पवित्रा पाहिला आणि मान सरळ झाली एवढेच म्हणाले. ते कमी बोलतात. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुण्याची सवय मात्र त्यांनी मुलांना कडक लावली आहे.

हिशेब असा. रायफल ११,५०० रुपये, जुने सागवान १,२००, इपॉक्सी, तेल, कानसपेपर आणि स्क्रू मिळून ९००, बटप्लेटची धातू आणि ओतणावळ ६००. एकूण १४,२००. मजुरी धरली तर आकडा वेगळा होईल आणि दुसऱ्या कोणासाठी करताना ती धरावीच लागेल, कारण मुठीचे आणि चीकपीसचे काम त्या माणसाला समोर उभे करूनच होते, साच्यावरून होत नाही. खाचेचे आणि फटीचे साचे मात्र नाव घालून टांगून ठेवले आहेत. सरांकडे आणखी एक डावखुरा मुलगा आहे आणि त्याच्या वडिलांनी विचारणा केली आहे.

पुढचे काम मागच्या छिद्रवाल्या साइटचे. ती नळकांड्यावरच्या ११ मिमीच्या रेलवर बसते आणि नेमाची रेषा उघड्या साइटपेक्षा साधारण १५ मिमीने वर नेते, तेव्हा चीकपीस तेवढा उचलावा लागेल. तो आडवा कापून दोन ८ मिमीच्या पोलादी खुंट्यांवर बसवायचा आणि बाजूने ग्रब स्क्रूने आवळायचा, असे आखून ठेवले आहे. कापणी पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या आसपास.